मुठीतली ओल

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की डाव्या हाताला चपलांचं दुकान, त्याच्या पुढे मोबाईल रिचार्जवाला आणि त्याला लागून शैलावहिनींचं कृषी सेवा केंद्र. पाटी होती, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नसे. पायरीपासून थेट गल्ल्यापर्यंत रंगाचे, तुपाचे, बिस्किटांचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असायचे. प्रत्येकात माती आणि मातीत वालाची रोपं. काही तरतरीत, काही मान टाकलेली, काही पिवळी पडून वाकडी झालेली. नवखा माणूस नर्सरी समजून मोगऱ्याचा भाव विचारायचा. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं.

"मोगरा नाय," आतून आवाज आला. "हा दवाखाना हाय. तुम्ही कोणाकडचे?"

मी पेणला शाळेत मराठी शिकवतो. खांबजवळ आमचे वडिलोपार्जित दोन तुकडे आहेत, एक ओढ्याला लागून खालचा आणि एक मुरमाड, वरचा. शेतीचं माझं ज्ञान सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव ओळखण्यापुरतं. खालचा तुकडा चुलतभाऊ करतो आणि वरचा वाडीवरची यमुना करते. त्या दिवशी चुलतभावानेच मला तणनाशक आणायला पिटाळलं होतं. मी औषधाचं नाव लिहिलेला चिठोरा पुढे केला. वहिनींनी तो वाचलासुद्धा नाही.

"मूठ आणली?"

"कसली मूठ?"

"मातीची. शेतातली. मूठ नाय, औषध नाय. जावा परत."

पेणहून आलेल्या माणसाला असं परत पाठवणारी दुकानदारीण मी जन्मात पाहिली नव्हती. मला रागही आला. पण बाहेर पायरीवर तीन-चार शेतकरी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन बसले होते, दवाखान्यात तपासणीला बाटली घेऊन बसतात तसे मुकाट. ते माझ्याकडे बघून गालात हसत होते. त्यातला एक म्हणाला, "सर, आमचं पण पहिल्यांदा असंच झाल्तं."

वहिनी उंच, हाडापेराने मोठ्या. चष्मा साखळीला बांधून गळ्यात, आणि साडीवर पांढरा एप्रन. त्या बीएस्सी केमिस्ट्री. लग्नानंतर धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी केली आणि पुढे ती सोडून हे दुकान टाकलं. नोकरी सुटली तरी एप्रन सुटला नाही. त्याच्या खिशात पूर्वी पेनं असायची, आता वालाचे दाणे असत. बोलता बोलता त्या एखादा दाणा काढून गिऱ्हाइकांच्या मातीने भरलेल्या समोरच्या डब्यात खोचून द्यायच्या, बाकीच्या बायका बोलता बोलता वाती वळतात तशा.

मूठ बघायची त्यांची एक पद्धत होती. माती तळहातावर घ्यायची, दाबायची आणि मूठ उघडायची. भुगा झाला तर "घरी जा." हात चिकट झाला तर "पावसाला थांबू दे." आणि नीट लाडू वळला गेला, बोटांचे ठसे उमटले आणि हात कोरडाच राहिला, की मग गल्ल्यामागच्या कपाटाची किल्ली निघायची. सगळ्या तालुक्यात त्याला "लाडू होणं" म्हणत. "लाडू झाला काय?" हा प्रश्न मी रोह्याच्या एसटी स्टँडवर दोन बाप्ये एकमेकांना गंभीरपणे विचारताना ऐकलाय.

कुणी फार चिकित्सा केली की त्या धाटाव काढायच्या. "आपल्या कंपनीत कँटीन हाय का नाय? शिफ्ट सुटली का माणसं येतात, ताटं रिकामी करतात. मातीत पण तशी शिफ्ट चालू असते. डोळ्याला दिसत नाय असले बारीक जंतू. तुम्ही औषध मारता, तण मरतं, उरलेलं औषध हे कामगार खाऊन संपवतात. पण त्यांना पाणी पायजे. माती सुकली का शिफ्ट बंद. मग ताट वाढलेलं तसंच राहतं. आणि पुढल्या पिकाचं पोर येऊन बसतं त्याच ताटावर." एवढं सांगून त्या एखादं पिवळं, वाकडं रोप उचलून दाखवायच्या. "हे बघा. हा जेवला."

त्याचा सारांश त्यांनी एका वाक्यात करून ठेवला होता. सुक्या मातीत औषध मारत नाय आणि मरत पण नाय. हे वाक्य त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, एसटीच्या कंडक्टरला सांगायच्या, आणि एका लग्नात मुलीच्या आजोबांना अक्षता पडायच्या आधी सांगताना मी स्वतः पाहिलंय.

एकदा एका औषध कंपनीचा नवा विक्रेता आला. गळ्यात टाय, ऐन मे महिन्यात. सीझनचं टार्गेट पुरं केलं तर वहिनींना थायलंडची सहल, असं तो सांगायला लागला. वहिनींनी त्याला बसवलं, कोकम सरबत दिलं आणि मन लावून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "थायलंडात भात करतात ना रे?"

"हो मॅडम, खूप."

"मग येताना तिथली मूठ आणता येईल काय मला?"

तो हसला. त्याला वाटलं, बाई विनोद करतायत. वहिनी विनोद करत नव्हत्या. विमानातून माती आणू देत नाहीत हे कळल्यावर त्यांचा थायलंडमधला रस संपला. जाताना त्या पोराने टाय सोडून खिशात घातला होता आणि त्याच्या हातात एक डबा होता. "पाणी घालत जा आणि काय होतं ते मला फोन करून सांग," वहिनी पायरीवरून ओरडून सांगत होत्या. तो खरंच फोन करायचा म्हणतात.

घरी त्यांचे यजमान, बाळाभाऊ. धाटावलाच दुसऱ्या कंपनीत, शिफ्टची नोकरी. माणूस अबोल, पण खाण्यापिण्याचा शौकीन. एकदा वहिनींनी डब्यांसाठी वाल भिजवून, मोड आणून फडक्यात बांधून ठेवले होते. सकाळची शिफ्ट करून भाऊ घरी आले, फडकं उघडून बघितलं आणि बायकोने आपल्यासाठी तयारी करून ठेवलीय असं समजून वाल सोलून, वर नारळ खवून फक्कड बिरडं केलं. मी नेमका त्या दिवशी तिथे होतो, म्हणून मलाही ताट मिळालं. वहिनी दुकानातून आल्या, फडक्याकडे बघितलं, मग टोपाकडे.

"अहो, ही माझी परीक्षेला बसलेली पोरं होती."

"पास झाली," भाऊ म्हणाले आणि त्यांच्यापुढे वाटी सरकवली. वहिनी रागावल्या होत्या, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परीक्षा हा शब्द त्यांच्या तोंडात फार. मी मास्तर, म्हणून मला त्याची गंमत वाटायची, कारण जिथे परीक्षा असते तिथे कॉपी असते हे मला माहीत होतं. एका पोराने मोबाईलवर मातीचा फोटो आणला होता. "फोटोत ओल कळते काय?" म्हणून त्याला हाकलला. दुसऱ्याने पुलाजवळ थांबून बाटलीतलं पाणी पिशवीत ओतलं. वहिनींनी लाडू फोडला, बाहेरून ओला आणि आतून कोरडा ठणठणीत. त्यांनी तो अर्धा लाडू सगळ्या पायरीवर फिरवून दाखवला. "मला कोण फसवणार?" असं त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि मला वाटलं, बाई, असं वर्गात मीसुद्धा म्हणत असतो.

त्यांना फसवलं ते यमुनाने, आणि तेही प्रेमाने.

यमुना म्हणजे आमचा वरचा तुकडा करणारी. काटक, बडबडी. बाकीचे दिवस कुणाच्या लावणीला, कुणाच्या बांधकामावर मजुरीला. पण भात काढल्यावर वरच्या तुकड्यात ती वाल पेरायची, आणि ते वाल तिचे. बारीक, कडवट, गडद तपकिरी दाण्याचे. तिच्या सासूने तिला दिले, सासूला तिच्या सासूने. मडक्यात राख घालून त्यात ठेवलेले. वाडीवर पूर्वी घरोघरी हे बियाणं होतं. मग बाजारातलं जाड बी आलं, आणि एकेका घरचं मडकं रिकामं झालं. उरलं ते यमुनाचं एक. ती म्हणायची, "माझ्या घरात सोनं हाय, पण शिजवून खाल्लं तर संपल."

त्या वर्षी श्रावणात भातात रुंद पानांचं तण माजलं. यमुनाला बेणायला दिवस मिळेना, रोज मजुरीची बोलावणी. ती मूठ घेऊन अष्टमीला गेली. लाडू सुरेख झाला, ठसे उमटले, हात कोरडा. वहिनींनी फोडून बघितला, आतही ओल सारखी. किल्ली निघाली. यमुनाने औषध मारलं आणि बरंचसं तण गेलं. पण आठवड्याभरात पाऊसही गेला, तो गणपतीतही फिरकला नाही. वरच्या तुकड्याखाली मुरूम, तिथे पाणी ठरत नाही. जमिनीला भेगा पडल्या. भात कसंबसं निभावलं.

भात कापून झाल्यावर यमुना दुकानात आली ती नुसती भेटायला. मीही दिवाळीच्या सुट्टीत आलेलो होतो. वाल कधी पेरायचे वगैरे बोलणं चाललं होतं. बोलता बोलता यमुना हसत म्हणाली, "बाय, तवा तुमी माझ्या लाडवाचं किती कवतिक केलं! वढ्याच्या काठची माती व्हती ती. वरची भुसभुशीत, तिचा लाडू व्हईना. म्हटलं, कशाला बायला नाराज करा."

वहिनी हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यावर चढवला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे वरची माती तेव्हापासूनच सुकी?"

"सुकीच. का वो?"

"आणि तू तिथंच वाल घालणार? ते मडक्यातले?"

"दुसरे कुठले?"

त्या गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकासमोर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. ते औषध रुंद पानाचं तण मारणारं होतं आणि वाल रुंद पानाचाच. औषध संपवणारी शिफ्ट श्रावणापासून बंद होती. ताट तसंच वाढलेलं होतं आणि त्यावर यमुना तिचं एकुलतं मडकं आणून ओतणार होती.

यमुनाचा चेहरा उतरला. "माझीच चूक झाली, बाय."

"तुझी नाय गो," वहिनी म्हणाल्या. "तू पास व्हायला बघत होतीस. मी पेपर तपासला, शेत बघायला नाय गेले. चूक माझी हाय." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही हसू नका." मी हसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. वहिनी खांबच्या शेतावर होत्या, एप्रनसकट. त्यांनी तुकड्याच्या चारी बाजूंची माती स्वतः डब्यांत भरली आणि यमुनाकडे दाणे मागितले. यमुनाने मूठभर आणले, आणि एकेक दाणा देताना तिचा हात अडत होता. वहिनींच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिचे दाणे तिला परत केले आणि खिशातले बाजारचे वाल डब्यांत लावले. ते उगवले, आणि आठवड्याभरात पिवळे पडून वाकडे झाले. यमुनाने ते डबे बघितले आणि पदर तोंडाला लावला.

"शिफ्ट चालू करायची," वहिनी म्हणाल्या.

ओढ्याला अजून बारीक धार होती. वहिनींनी दुकानातली खताची रिकामी पोती आणली, बाळाभाऊंनी कंपनीतले मित्र आणले, वाडीवरची माणसं आली. पोत्यांत माती भरून ओढा अडवला, आणि तुंबलेलं पाणी माझ्या चुलतभावाच्या पंपाने वरच्या तुकड्यात चढवलं. चुलतभाऊ पंप द्यायला नाखूश होता. वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं की पुढल्या वर्षी तुझी मूठ मी स्वतः तुझ्या शेतात येऊन बघणार. तो घाबरून तयार झाला.

मग सुरू झालं थांबणं. चिखल करायचा नाही, सुकूही द्यायचं नाही, लाडू होईल एवढीच ओल ठेवायची. इकडे आजूबाजूच्या शेतांत वाल वर आले, वेल धरले, आणि यमुनाचा तुकडा बोडका. थंडी सरली तर वालाला अर्थ नाही. ती दर बाजाराला रोह्याला यायची, पूल ओलांडून अष्टमीत मूठ आणून द्यायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "बाय, पेरू काय?"

"थांब गो."

"बाय, आता?"

"जरा थांब."

त्या दिवसांत वहिनींचं बोलणं कमी झालं होतं. मी पेणहून फोन केला की म्हणायच्या, "सर, मी चुकले तर तिचं घरचं बी जाईल हो. मला झोप नाय लागत." वाडीवरच्या कुणी यमुनाला म्हटलंसुद्धा, दुकानदारणीचं काय ऐकतेस, पेरून टाक. यमुनाने पेरलं नाही. का, ते मी तिला विचारलं. "ती बाय माझ्या दाण्याला हात लावताना घाबरली व्हती," ती म्हणाली. "ती मला फसवल काय?"

आणि एका रविवारी सकाळी मी शेतावर होतो तेव्हा ते घडलं. वहिनी वाकून तुकड्यातून चालत होत्या, मध्येच उकिडव्या बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं पाठ धरली. मी जवळ जाईपर्यंत त्या उठल्या होत्या आणि दोन्ही हात वर करून ओरडत होत्या.

"तण आलं गो यमुना! तण आलं!"

जन्मभर तणनाशक विकलेली बाई शेतात नाचत होती. हायवेवरून जाणाऱ्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. त्यांच्या पायाशी भांबुर्डीची इवली इवली रोपं वर आली होती, मऊ, पोपटी, रुंद पानांची. यमुना धावत आली. दोघी खाली बसून त्या रानटी रोपांकडे बघत होत्या, बाळंतिणीच्या खोलीत बघतात तशा. "एक उपटू नको हां," वहिनी तिला बजावत होत्या. दुकानात गेल्यावर बघितलं, तर यमुनाच्या शेवटच्या मुठीच्या डब्यातला वालही सरळ आणि हिरवा होता.

"आता पेर," वहिनी म्हणाल्या. "पण अर्धेच. अर्धे राखेत राहू दे. माझ्यावर एवढा भरवसा ठेवू नको."

यमुनाने अर्धे पेरले. ते आले. सगळ्यांच्या शेंगा खाऊन, विकून झाल्या आणि वेल वाळायला लागले, तेव्हा आमचा वरचा तुकडा हिरवागार होता. खांबला त्या वर्षी शेवटची पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागली ती तिथे, होळीच्या तोंडावर. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला तीच भांबुर्डी, आत यमुनाच्या शेंगा, बाळाभाऊंनी मसाला लावून आणलेली कोंबडी, बटाटे. संध्याकाळी गवत-पेंढ्याचा जाळ करून मडकं उलटं ठेवलं. टायवाला पोरगाही बिनटायचा आला होता. शेंगा सोलताना वहिनी एकेक दाणा निरखून मगच तोंडात टाकायच्या. "वास बघा," प्रत्येकाला सांगत होत्या, "औषधाचा लागतोय काय? नाय ना?" भांबुर्डीच्या त्या वासात दुसरा कुठला वास यायची शक्यताच नव्हती.

आता वहिनी अष्टमीत नाहीत. गुडघे बोलायला लागले, भाऊ रिटायर झाले आणि दोघं लेकीकडे नाशिकला गेली. फोनवर आवाज तसाच खणखणीत. "इथली माती काळी, चिकट. लाडू कसला, डिंक होतो नुसता," अशी तक्रार असते. त्या जागेत आता केक मिळतात. पायरीवर अजून एखादा म्हातारा पिशवी घेऊन येतो आणि काचेत केक बघून परत जातो.

मला मात्र त्या दिसतात त्या पोपटीच्या संध्याकाळच्या. निघताना त्या विक्रम रिक्षात बसल्या होत्या, भाऊ आत सरकले होते. यमुना लगबगीने आली. तिने पदराआडून हात काढला आणि वहिनींचा हात धरून त्यात मूठभर वाल ओतले. मडक्यातले, राख लागलेले, राखून ठेवलेल्या अर्ध्यातले.

"बाय, ही माझी मूठ."

वहिनी दाण्यांकडे बघत राहिल्या. "हे डब्यात लावायला देतेस? नको गो, तुझं घरचं बी."

"डब्यात नाय. तुमच्या घरात ठेवा, राखेत," यमुना म्हणाली. "माझं कधी गेलं, तर तुमच्याकडनं न्यायला यीन."

वहिनींनी दाण्यांवर मूठ मिटली. रिक्षा सुरू झाली, हायवेला लागायला वळली. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. त्यांनीही निरोपाला हात बाहेर काढला, पण मूठ उघडली नाही. वळणाआड जाईपर्यंत ती मिटलेली मूठच आमच्याकडे बघून हलत होती.